बंद घराचं इन्स्टॉलेशन: देवपूरच्या घराबद्दल सगळेच विचारतात ते प्रश्न

जानेवारीत आम्ही धुळ्यात पांझरा नदीच्या पलीकडे, देवपूरमधलं एक कुलूपबंद घर इन्स्टॉलेशन म्हणून, म्हणजे अख्खं घरच कलाकृती म्हणून, तीन आठवडे लोकांना बघायला उघडलं होतं. तेव्हापासून जळगाव, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार असे सगळीकडून फोन येऊन राहिले नि प्रश्न तेच तेच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आम्ही म्हणजे सहा जण: दोन ड्रॉइंग मास्तर, एक सेंटरिंगवाला, एक मंडप डेकोरेशनवाला, एक साउंडचं काम करणारा पोरगा आणि मी, माझ्याकडे कागदपत्रं नि चहा.

तुम्ही नेमकं केलं काय? घर रंगवलं का?

नाही, एक डबाही रंग लावला नाही, उलट खरवडला. हॉलच्या भिंतीवर तीन फूट बाय एक फुटाची चौकोनी पट्टी आखून घेतली आणि ब्लेडने हळूहळू थर काढत गेलो. वर पिस्ता डिस्टेंपर, खाली गुलाबी, त्याखाली परत पिस्ता वेगळा, मग आकाशी, मग पिवळसर, आणि सगळ्यात खाली चुना, त्यात नीळ जरा जास्तच पडलेली. सहा थर, पायऱ्यापायऱ्यांसारखे उघडे ठेवले. शेजारच्या आक्का बघायला आल्या नि गुलाबी थरावर बोट ठेवून म्हणाल्या, हा मोठ्याच्या लग्नाचा. आमच्या डोक्यातलं निम्मं प्लॅनिंग तिथंच बाद झालं, कारण घरालाच इतकं सांगायचं असताना आपण बाहेरून आणून काय लावणार.

अशा कामाला साइट-स्पेसिफिक म्हणतात, ते म्हणजे काय, सोप्या भाषेत?

ती पट्टी कापून गॅलरीत टांगली तर नुसते रंग दिसतील, गुलाबी थर कोणाच्या लग्नाचा ते सांगायला आक्का तिथं नसतील. जागेवरून हलवलं की ज्यातला जीव जातो ते.

घर कसं मिळालं? मालक तयार कसे झाले?

हा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि आमचे चार महिने यातच गेले, कलेला फक्त सात आठवडे लागले. बंद घरं तर प्रत्येक कॉलनीत आहेत, पोरं पुण्याला नाहीतर सुरतला, आईवडील गेले, कुलूप. आमच्या घराचं तसंच, हायस्कूलमधल्या एका सरांनी पगारातून बांधलेलं, ते गेल्यावर अकरा वर्षं बंद. दोन मुलं पुण्यात, एक मुलगी सुरतला. पहिली चूक आम्ही ही केली की मोठ्या भावाशी बोललो, ते हो म्हणाले आणि आम्ही कामाला लागायच्या बेतात. तेवढ्यात सेंटरिंगवाला म्हणाला, जिभाऊ, ताईंची सही कुठंय?

बरोबर होतं त्याचं. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर नि मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलीचा वाटा मुलाइतका असतो, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना तो हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. आई हयात असेल तर तिचाही वाटा. तर उताऱ्यावर नाव कोणाचंही असो, वारस जितके तितक्या सह्या घ्या. आम्ही सुरतला गेलो, ताईंनी शेवभाजी खाऊ घातली आणि पहिला प्रश्न विचारला, माझ्या खोलीत काय करणार? भावांनी विचारलं होतं, किती दिवस?

भावांना भीती एकच होती, बारा वर्षं राहिलं की घर राहणाऱ्याचं होतं. ही बारा वर्षं सगळ्यांनी अर्धवट ऐकलेली असतात. मुदत कायद्यातली ती तरतूद मालकाच्या विरुद्ध उघडपणे कब्जा करून बसलेल्यासाठी आहे, परवानगीने आत आलेला माणूस नुसता राहिला म्हणून मालक होत नाही. म्हणूनच परवानगी कागदावर आणा, त्यात मालकाचंच रक्षण आहे हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. आम्ही चार महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स केला, भाडं नावाला, आणि रजिस्टर केला, कारण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी नि नोंदणीकृतच लागतो. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागेल असं आम्हाला तीन जणांनी सांगितलं, तिघंही चूक.

महापालिकेची परवानगी लागते का?

बांधकामाला हात लावला तर लागते, नुसतं आत काही मांडलं तर तो भाग येत नाही. पण लोकं जमणार म्हटल्यावर पोलीस स्टेशनला पत्र देऊन पोच घ्या, वॉर्डातल्या नगरसेवकाच्या कानावर घाला, स्पीकर असेल तर रात्री दहाला बंद. घरपट्टी थकलेली असेल तर ती आधी मिटवायला सांगा मालकांना, नाहीतर तुमच्या पत्राच्या निमित्ताने तीच फाइल उघडते. आमची उघडली.

भिंत तोडून, घर मधोमध कापून असं काही करता येतं का? नेटवर बघितलंय.

तुम्ही बघितलंय ते बहुतेक गॉर्डन मॅटा-क्लार्क या अमेरिकन कलाकाराचं काम. १९७४ मध्ये त्याने न्यू जर्सीतल्या एंगलवूड गावातलं पाडायला काढलेलं घर वरपासून खालपर्यंत मधोमध कापलं, मग एका अर्ध्याखालचा पाया थोडा काढून तो अर्धा भाग जॅकवर हळूच मागे कलता केला, म्हणजे मधली फट वर रुंद नि खाली निमुळती, आणि त्यातून उजेड आत. फोटो बघून आमच्या एका मास्तरांची झोपच उडाली होती.

पण भाऊ, ते घर लाकडी सांगाड्याचं. आपली कॉलनीतली सत्तर-ऐंशीच्या सालातली घरं नऊ इंची विटांच्या भिंती आणि त्यावर स्लॅब, कॉलमबिलम काही नाही, भिंत हाच कॉलम. ती कापली की वरचा स्लॅब कुठं बसणार? साडेचार इंची मधली आडभिंत असेल तर तीसुद्धा बघणाऱ्याला विचारून, कारण कोणी केव्हा तिच्यावर टाकी ठेवलीय हे आपल्याला माहीत नसतं. आमच्या सेंटरिंगवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, छिद्र पाडायचं तर दरवाजा आधीच आहे, तो वापरा. ऐकलं आम्ही.

लंडनच्या पूर्व भागात रेचल व्हाइटरीडने १९९३ मध्ये याच्या उलट केलं होतं, पाडापाडीतून उरलेल्या एका घराच्या आत काँक्रीट मारून घेतलं आणि मग बाहेरच्या विटा काढून टाकल्या, म्हणजे जिथं हवा होती तिथं दगड उभा राहिला, खोल्यांचाच साचा. जानेवारी १९९४ मध्ये ते पाडूनही टाकलं. सांगायचा मुद्दा, जगातली ही गाजलेली घरं बरीचशी पाडायला निघालेलीच होती. तुमच्या घरात उद्या कोणी राहायला येणार असेल तर हा नाद सोडा.

कुलूप उघडल्यावर पहिलं काम काय?

पहिल्या दिवशी काहीच झाडायचं नाही. फोटो काढा, प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक खिळ्याचा. आम्ही उत्साहात स्वयंपाकघर झाडून काढलं आणि ओट्याखाली रेशनच्या जुन्या पावत्यांचा गठ्ठा होता तो कचऱ्यात गेला, दुसऱ्या दिवशी घंटागाडीच्या मागे पळालो, नाही मिळाला. त्याची हळहळ अजून आहे.

दुसरं, स्लॅब. हातोडीच्या दांड्याने खालून हलकं ठोकत जा, टणटण वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर प्लास्टर सुटलंय. आतली सळई गंजली की फुगते, दुपटीहून जास्त जागा मागते, आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. न्हाणीघराच्या वर नि टाकीखाली हमखास. असा पोपडा आधी पाडून घ्या, माणसं आत यायच्या आधी, आणि सळया उघड्या पडलेल्या दिसल्या तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणा, त्याची फी वाचवू नका.

तिसरं, पारव्यांची घाण. कोरडी झाडायची नाही, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन आजार होतात. पाणी मारून, एन-९५ मास्क लावून काढायची. आणि मागच्या शेडला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना ड्रिल मारू नका, कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

साप निघाला का?

निघाला, हौदात, धामण. तरी सर्पमित्राचा नंबर पहिल्या दिवसापासून भिंतीवर लिहून ठेवा, नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही आपल्याकडे आहेत नि रिकामं घर म्हणजे उंदीर, उंदीर म्हणजे ते.

शेजारचे काही बोलले नाहीत?

बोलले नाहीत? पहिले पंधरा दिवस फक्त तेच बोलत होते. समोरचे आप्पा रोज सकाळी गेटशी उभे राहून विचारायचे, हाई काय शे भो? घर पाडी ऱ्हायनात का? आम्ही म्हणायचो नाही आप्पा, कला आहे. ते घरात डोकावून खरवडलेली भिंत बघायचे नि म्हणायचे, यानापेक्षा भाडे दी टाका ना.

मग आम्ही त्यांनाच आत बसवलं. खुर्ची दिली आणि विचारलं, या घरात काय काय व्हायचं. अडीच तास बोलले. साउंडवाल्या पोराने रेकॉर्ड केलं, परवानगी घेऊन, आणि तेच पुढे पडवीत लावलं, अगदी हळू आवाजात, कान दिला तरच ऐकू येईल इतकं. आप्पांचा आवाज आहे म्हटल्यावर सगळी कॉलनी आली, आप्पा स्वतः तर रोज यायचे आणि आपलंच ऐकून मान डोलवायचे.

हे आमचं डोकं नाही. जपानच्या नाओशिमा बेटावर १९९८ पासून गावातली जुनी रिकामी घरं घेऊन अशी कामं करतात. पहिल्या घरात तात्सुओ मियाजिमा यांनी पाण्याखाली आकड्यांचे दिवे ठेवलेत, नि कोणता आकडा किती वेगाने पळणार ते गावातल्या १२५ लोकांनी ठरवलं, त्यात पोरंही होती नि म्हातारेही. आपला आकडा कोणता ते माहीत असलं की माणूस दहादा बघायला जातो.

देवघराचं काय केलं?

हात लावला नाही. मधल्या घरात एका भिंतीवर कुंकवाचे डाग होते आणि वर ओळीने खिळे. आम्हाला वाटलं फोटोंचे असतील, ताईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, तिथं आमची कानबाई बसायची. कानबाई म्हणजे आपल्या खान्देशातली देवी, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी त्या खोलीत, नारळाची कानबाई, रोट, रात्रभर गाणी. आधी आमचा तिथं प्रोजेक्टर लावायचा प्लॅन होता, तो त्या दिवशी रद्द. खोली धुतली, रिकामी ठेवली, एकच दिवा. दारात पाटी लावायच्या आधीच बाया आपल्याआप चपला काढून आत जायला लागल्या, तेव्हा पाटीही लावली नाही. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, या खोलीत काम अपुरं राहिलं का? आक्कांनी त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं माहीत नाही, तो परत आत गेला तो अनवाणी.

आणि स्वयंपाकघरात?

तिथं धुराने काळवंडलेली भिंत होती आणि भांड्यांची मांडणी काढून नेल्यावर तिच्या मागे ताटल्यांचे गोरे गोल राहिलेले, मोठे, मधले, लहान, रांगेत. त्यावर फक्त एक बाजूचा उजेड टाकला. एका कोपऱ्यात खापर उपडं ठेवलं आणि मांडे करताना हातावर पोळी फिरवल्याचा आवाज, मागच्या गल्लीतल्या मावशींकडून रेकॉर्ड केलेला. बस. सगळ्यात जास्त वेळ माणसं इथंच थांबली, आणि इथंच आमचा सगळ्यात कमी खर्च झाला.

कापसाच्या खोलीबद्दल ऐकलं, ती बंद का केली?

फसली म्हणून. खान्देश म्हणजे कापूस, एवढ्या विचारावर मागची खोली गुडघाभर कापसाने भरायची ठरली. कोणी घराशी संबंध विचारला नाही, सरांनी आयुष्यात शेती केली नव्हती. एका ओळखीच्या शेतकऱ्याने सरकीसकट फरदडचा कापूस स्वस्तात दिला, फोटो झकास आले. चौथ्या दिवशी उंदीर, सरकी खायला. सहाव्या दिवशी ओल धरून वास. आणि सातव्या दिवशी मंडपवाल्याने हॅलोजनच्या काचेला हात लावून बघितला, हात झटकला, आणि वायर ओढून काढली. कोरडा कापूस नि तापलेला दिवा एका खोलीत, वर बघायला आलेली पोरं, आम्ही सहा जण तिथं गप्प उभे होतो. त्याच रात्री खोली रिकामी केली. कापूस, कडबा, पऱ्हाटी, केळीचा धागा, सगळं सुंदर दिसतं आणि सगळं पेटतं. लावायचंच तर एलईडी, तोही लांबून, आणि दाराशी भरलेलं अग्निशामक सिलिंडर, एक्सपायरी बघून.

लाईट कुठून घेतली?

महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन मिळतं, अर्ज करा. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर टाकू नका, नियमात बसत नाही आणि नंतर बिलावरून भांडणं. घरातली जुनी वायरिंग अजिबात वापरायची नाही, नवीन वायर उघडी बाहेरून फिरवा, आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसवा, ओल्या भिंतीच्या घरात त्याच्याशिवाय माणसं सोडू नका.

आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका टांगला होता म्हणे?

टांगला नव्हता, नुसता दोर होता. मागच्या खोलीच्या छताला दोन कड्या होत्या, आखाजीला माहेरवाशिणी आल्या की झोका तिथंच. आम्ही दोन दोर सोडले, पाट लावलाच नाही, दोर जमिनीपासून हातभर वर संपतात. रिकामा झोका. कल्पना चांगली पण दोर दिसला की पोरगं लटकणारच, एक लटकलं, आणि एक कडी प्लास्टरसकट खाली. पोराला खरचटलंही नाही, नशीब. कडी गंजून नुसती प्लास्टरवर अडकलेली होती, आणि स्लॅब ठोकून बघणारे आम्ही, कडीला कोणी ओढून बघितलंच नाही. जिथं माणसाचा हात पोचतो ते सगळं आधी आपण अंगाचा भार टाकून तपासायचं.

कोणत्या महिन्यात करावं?

डिसेंबर-जानेवारी. पावसात गळतं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा बंद घरात दहा मिनिटं उभं राहून दाखवा.

गावाकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात होईल का?

होईल, मला तर तेच जास्त आवडेल. पण मातीच्या धाब्याचं वजन फार असतं, पावसाचं पाणी मुरलं की आणखी वाढतं, आणि खालच्या लाकडी कड्यांना नि सऱ्यांना वाळवी लागलेली वरून कळत नाही. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, लोण्यासारखा आत गेला तर तिथंच थांबा. धाब्यावर माणसं चढवू नका.

खर्च किती? तिकीट होतं का?

तिकीट नव्हतं, दाराशी डबा होता. सगळा मिळून साठ-पासष्ट हजार गेला, त्यात सगळ्यात जास्त साफसफाई, वायरिंग नि करार. लॉस एंजेलिसमध्ये १९७२ मध्ये कला शिकणाऱ्या मुलींनी वुमनहाउस नावाचं गाजलेलं काम एका पडीक बंगल्यात केलं, त्यांचाही सुरुवातीचा वेळ काचा बसवण्यात, घासण्यात नि रंगकामात गेला होता. म्हणजे तिथंही तेच.

मालकाने नंतर घर पाडलं तर कलाकार काही म्हणू शकतो का?

प्रश्न वकिली आहे पण चांगला आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे, त्याने कलाकाराला आपल्या कामाची मोडतोड झाली तर दाद मागता येते. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं होतं, त्यावर दिल्ली हायकोर्टाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. आता हे मालकाच्या कानावर गेलं तर तो कुलूपच उघडणार नाही. म्हणून करारातच लिहा की मुदत संपल्यावर घराचं काहीही करायला मालक मोकळा, आणि फोटो-व्हिडिओ आमचे. आम्ही तसंच लिहिलं.

खान्देशात हे बघायला येणार कोण?

हा प्रश्न आपलीच माणसं विचारतात, गंमत आहे. चाळीसगावला केकी मूस नावाचा माणूस रेल्वे स्टेशनजवळच्या एका बंगल्यात वर्षानुवर्षं जवळपास कोंडून घेऊन राहिला, टेबलावर कापूस-काड्या मांडून बर्फातली झाडं, डोंगर असे फोटो काढायचा की ओळखू येत नाही. १९८९ मध्ये गेले, बंगला अजून बघता येतो. जाऊन या आधी, मग बोलू.

चौकटीवरच्या उंचीच्या खुणा तुम्हीच काढल्या ना? खरं सांगा.

नाही हो! सरांनीच. सागवानी चौकट, पेन्सिलीच्या बारीक रेघा, बाजूला मास्तरी अक्षरात तारीख नि पोराचं आद्याक्षर. शेवटची रेघ ताईंची. आम्ही तिथं लिहिलं होतं, कृपया हात लावू नये. दुसऱ्याच दिवशी एका बापाने आपल्या पोरीला टेकवून उभं केलं नि खिशातल्या पेनाने रेघ मारली. मी ओरडणार होतो, पण ताई त्या दिवशी नेमक्या आलेल्या, त्या म्हणाल्या राहू द्या, आणि पेन्सिल मागवली. तीन आठवड्यांत ४० च्या वर रेघा झाल्या, शेवटी शेवटी रांग लागायची.

आता प्लॉटचा व्यवहार झालाय, घर दिवाळीआधी पाडतील. चौकट ताईंनी मागून घेतली. तुम्हाला असं काही काढायचं असेल तर एक लक्षात ठेवा, आधी पेन्सिलीवर फिक्सेटिव्ह मारा नाहीतर गुंडाळतानाच पुसतं, आणि चौकटीचे होल्डफास्ट, म्हणजे तिला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, भिंतीत खोल गेलेले असतात, पहार लावून उपटू नका, आजूबाजूच्या विटा काढून मोकळे करा. सुताराला पूर्ण दिवस लागला. दोन गोधड्यांत गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या टपावरून सुरतला गेली, लिफ्टमध्ये काही बसेना, चौथ्या मजल्यावर जिन्याने चढवली.